वॉर्ड तोच, ताट तेच; मग गुण वेगळा का?

खाण्याच्या विकारासाठी मुलीला किंवा मुलाला ॲडमिट केलेल्या आईवडिलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. "शेजारच्या खाटेवरची मुलगी महिन्याभरात जेवायला लागली, घरीही गेली. आमचीच का अजून अर्ध्या पोळीपाशी रडत बसलीये?" या प्रश्नामागे भीती असते, आपलंच काही चुकलं का ही बोच असते, आणि दमलेल्या दिवशी मुलीवरचा रागही असतो. उत्तर मग तिच्या हट्टी स्वभावात शोधलं जातं. तिथे ते क्वचितच सापडतं. शरीराची अवस्था, आजार किती जुना आहे, तो आजार तिचा कुठला त्रास झाकून ठेवत होता आणि इथून ती कुठल्या घरात परतणार आहे, या गोष्टींवर बरंचसं ठरतं. त्या एकेक करून पाहू.

आधी थोडी ओळख. ॲनोरेक्सियात माणूस स्वतःला उपाशी ठेवतो आणि वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलं तरी त्याला थांबता येत नाही. बुलिमियात ताबा सुटून खाल्लं जातं आणि मग ते उलटी, जुलाबाच्या गोळ्या, अतोनात व्यायाम अशा मार्गांनी शरीराबाहेर काढायची धडपड चालते. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटतो, ही धडपड नसते. लाज मात्र तेवढीच असते. आर्फिड हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत २०१३ साली आलं. त्यात जाड होण्याची भीती नसते, पण अन्नाचा पोत, वास किंवा घशात अडकेल ही धास्ती यामुळे खाणं इतकं आक्रसतं की शरीर खंगत जातं. हे सगळे विकार मुलग्यांनाही होतात. खारघरमध्ये रोज दोनदा जिमला जाणारा आणि सणाच्या दिवशीही उकडलेल्या अंड्यांचा डबा सोबत नेणारा मुलगा घरच्यांना शिस्तीचा वाटतो, म्हणून तो डॉक्टरांपर्यंत उशिरा पोचतो.

राहून घ्यायच्या उपचारांचं जे रूप परदेशी लेखांत वाचायला मिळतं, ते मुख्यतः अमेरिकेतलं आहे. केवळ खाण्याच्या विकारांसाठीचं तिथलं पहिलं निवासी केंद्र १९८५ साली फिलाडेल्फियात सुरू झालं. घरासारखी इमारत, ठरलेल्या वेळी जेवण, जेवताना सोबत बसणारा कर्मचारी, जेवणानंतर काही काळ बाथरूमवर देखरेख, दिवसभरात थेरपीची सत्रं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा केंद्रांतला सरासरी मुक्काम ८३ दिवसांचा निघाला. आपल्याकडे अशी स्वतंत्र केंद्रं फार थोडी आहेत. ठाण्यातलं किंवा नवी मुंबईतलं कुटुंब बहुधा पाळी बंद झाली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, चक्कर येते म्हणून फिजिशियनकडे, पोट फुगतं म्हणून पोटविकारतज्ज्ञाकडे अशी वळणं घेत मानसोपचारतज्ज्ञापर्यंत येतं. मग जनरल हॉस्पिटलमधला काही आठवड्यांचा मुक्काम आणि पुढे ओपीडी, असा मार्ग असतो. तरी उपचाराचा गाभा तोच: नियमित अन्न, वैद्यकीय देखरेख आणि थेरपी.

पहिले आठवडे शरीराचे

ॲडमिट झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रुग्णारुग्णांत जो फरक दिसतो, त्यातला मोठा वाटा निव्वळ शरीराचा असतो, आणि नेमकं हेच कुटुंबांना कुणी नीट सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. हे सगळे धडधाकट, मनानं स्थिर, स्वखुशीनं आलेले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. वजन साधारण पाव हिस्सा उतरलं, आणि माणसं बदलली. ती दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, एकेका घासाला तासन्‌तास लावू लागली. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा आला. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही हे लगेच गेलं नाही. कित्येकांची भूक आणि मन ठिकाणावर यायला अनेक महिने लागले. ज्यांना आधी कुठलाही खाण्याचा विकार नव्हता, त्यांची ही गत. म्हणजे तुमच्या मुलीत दिसणारा ताठरपणा, ताटातल्या वस्तूंची मांडामांड, एकाच वाक्यावर अडून बसणं, यातलं बरंच काही उपासमारीचं लक्षण असू शकतं. ते अन्नानंच कमी होतं, आणि उपाशी मेंदूला समजावून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत थेरपीचा उपयोग होत नाहीये असं दिसलं तर मी तरी त्याची फार चिंता करणार नाही.

अन्न देणंही सरळ नसतं. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली त्यांची पातळी कोसळली तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी तो पाहिला होता. या धोक्यामुळे एका रुग्णाचा आहार हळूहळू वाढवला जातो, रोज रक्त तपासलं जातं, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) दिलं जातं, आणि कमी धोक्याच्या शेजारणीचं ताट मात्र भराभर भरतं. बाहेरून पाहणाऱ्याला एक मुलगी "पुढे गेली" असं वाटतं. प्रत्यक्षात दोघींची रक्तं वेगळी आहेत.

पुढचा फरक वजनाच्या काट्यावर दिसतो. ॲनोरेक्सियातून सावरताना काही जणांच्या शरीराचा जाळण्याचा वेग इतका वाढतो की दोन माणसांचं जेवण पोटात जाऊनही वजन हलत नाही. रात्री घाम फुटतो, हातपाय गरम लागतात. अशा वेळी "चोरून उलटी करते का?" हा संशय पहिला येतो, आणि तो चुकीचा निघाला तर विश्वासाला तडा जातो. उलट, उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या नुकत्याच थांबवलेल्या रुग्णाच्या पायांवर पाणी साचून काट्यावरचा आकडा आठवड्यात झपकन वर जातो. ही चरबी नव्हे, हे पाणी आहे आणि ते ओसरेल, हे तिला आधीच सांगितलेलं असेल तर ती टिकते. सांगितलेलं नसेल तर तिला तिची सगळ्यात मोठी भीती खरी झाल्यासारखी वाटते, आणि ती उपचार सोडायला निघते. पोटाचंही तसंच. उपाशी राहिलेलं जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे वाटीभर वरणभातानंतरही पोट खरोखरच दगडासारखं होतं. त्याला नाटक म्हणणाऱ्या नातेवाइकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आणि वजन दिसायला ठीक असलेल्या रुग्णाचं काय? जो आधी जाड होता आणि काही महिन्यांत भराभर उतरला, त्याचं शरीर उपाशीच असतं. नाडी मंद, मुलगी असेल तर पाळी बंद, रक्तातले क्षार बिघडलेले. पण आजूबाजूचे सगळे त्याचं कौतुक करत असतात, आणि वॉर्डातही कधी कधी "हा कशाला इथे?" अशी नजर त्याच्यावर पडते. त्याला उपचारांवर विश्वास ठेवायला जास्त वेळ लागला तर त्यात नवल नाही.

आजाराचं वय

समजा, एक मुलगी वर्तकनगरची, नववीतली, आठ महिन्यांपूर्वी जेवण कमी करू लागलेली. दुसरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी, तिशीची, बारा वर्षं आजारी. दोघी एकाच वॉर्डात आहेत. त्यांच्याकडून एकाच वेगाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून १९८७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत फार महत्त्वाचा मानला जातो. ८० रुग्णांचं वजन आधी रुग्णालयात सावरलं, आणि डिस्चार्जनंतर वर्षभर काहींना कुटुंबासह थेरपी, काहींना एकट्यानं घ्यायची थेरपी दिली. ज्यांचा ॲनोरेक्सिया १८ वर्षांपर्यंतच्या वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून कमी जुना होता, त्यांना कुटुंबासह थेरपीनं स्पष्टपणे जास्त गुण आला. मोठ्या वयात किंवा जुन्या आजारात तसा फायदा दिसला नाही. आईवडिलांनी ताट वाढून सोबत बसायचं, ही पद्धत नववीतल्या मुलीला वाचवू शकते. तिशीच्या बाईला तीच पद्धत पुन्हा लहान मूल झाल्यासारखी वाटू शकते. तिच्यासोबत काय, किती, केव्हा हे तिच्याच सहभागानं ठरवावं लागतं.

जुन्या आजारात खाणं टाळणं ही सवय झालेली असते. सुरुवातीला त्यातून काही मिळत असे, कौतुक किंवा हलकेपणा. नंतर काहीच मिळेनासं झालं तरी हात आपोआप ताट बाजूला सारतो. अशी सवय काही आठवड्यांत मोडत नाही. पण म्हणून आशा सोडायची का? बोस्टनमधल्या एका अभ्यासात २४६ स्त्रियांचा दोन दशकांहून जास्त काळ पाठपुरावा केला गेला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. नऊ वर्षांनी ॲनोरेक्सियाच्या सुमारे ३१ टक्के रुग्ण बऱ्या झालेल्या होत्या; २२ वर्षांच्या टप्प्यावर हे प्रमाण जवळजवळ ६३ टक्क्यांवर पोचलं. बुलिमियात नवव्या वर्षीच ६८ टक्के बऱ्या होत्या आणि पुढे प्रमाण तेवढंच राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी कुणाच्याही कपाळावर निकाल लिहिता येत नाही, असं मी म्हणते ते या आकड्यांच्या भरवशावर.

आजार जुना होण्यामागे आपल्या शहराचा एक वाटा आहे, तोही बोलायला हवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून लोकांची सेवा करतं आहे, आणि आपण मात्र "याला ठाण्याला पाठवा" हे शिवीसारखं वापरत आलो. त्या एका वाक्यामुळे किती घरांनी मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढायला उशीर केला असेल! १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेनं मनाच्या आजारांविषयी मोकळेपणानं बोलण्याची सवय लावली, हे या शहराचं भाग्य. पण नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या घरात आजही "आधी होमिओपॅथी करून पाहू, परीक्षा होऊन जाऊ दे" यात वर्ष निघून जातं. वर्तकनगरच्या त्या मुलीचे आठ महिने अशाच चालढकलीत तीन वर्षं होतात.

आजार काय झाकत होता

उपाशी राहण्यानं भावना बधिर होतात. ज्या मुलीवर कधी अत्याचार झाला आहे किंवा जिला सतत चिंतेनं घेरलेलं आहे, तिच्यासाठी आजार हे झाकण असतं. वॉर्डात नियमित जेवण सुरू झालं की झाकण निघतं. वजन वाढतं, अहवाल सुधारतात, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती रात्री झोपेनाशी होते, रडते, स्वतःला इजा करायला बघते. कुटुंबाला वाटतं उपचारांनी बिघडवलं. खरं तर आता कुठे मूळ दुखणं दिसू लागलेलं असतं, आणि त्यावरचे उपचार त्याच मुक्कामात सुरू झाले नाहीत तर ती परत उपासाकडेच वळते.

ऑटिझम असलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये ऑटिझमची लक्षणं सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतात, आणि मुलींमध्ये ती बऱ्याचदा ओळखलीच जात नाहीत. भांड्यांचा आवाज, एकत्र जेवणाची पंगत, गटात बसून भावना बोलून दाखवणं, हे सगळं इतरांना बरं करणारं वातावरण तिला सोसवत नाही. तिला शांत कोपरा, ठरलेलं ताट आणि उद्या काय होणार याचा लेखी तक्ता मिळाला तर तीच मुलगी जेवते.

इतर रुग्णांच्या सहवासाचाही प्रत्येकावर वेगळा परिणाम होतो. एकीला आयुष्यात प्रथमच वाटतं की आपण एकट्या नाही. दुसरी मात्र शेजारणीचं मनगट आपल्यापेक्षा बारीक आहे का हेच बघत राहते. हे जाणणारं उपचारांचं पथक गट नीट निवडतं आणि आकड्यांच्या गप्पा होऊ देत नाही.

आशियात आणखी एक गोष्ट दिसते. हाँगकाँगमधले मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली ७० चिनी रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. ते म्हणत, पोट भरल्यासारखं वाटतं, भूक नाही. भारतीय डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. आपल्याकडची मुलगी "मला गॅस होतो", "घास उतरत नाही", "माझा गुरुवार आहे" असं सांगते. अशा मुलीला परदेशी पुस्तकातलं शरीराच्या प्रतिमेबद्दलचं सत्र दिलं तर ती गप्प बसते, आणि फाइलवर "सहकार्य करत नाही" असा शेरा पडतो. शेरा लिहिणाऱ्यानं आधी तिचं गाऱ्हाणं तिच्या शब्दांत ऐकावं.

"पण तिची इच्छाच नाही" असं म्हणून हात टेकणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. २००७ साली अमेरिकेत १३९ रुग्णांना भरतीच्या वेळी विचारलं होतं की तुम्हाला ॲडमिट होण्याची गरज आहे का. ४६ जणांनी ते मान्य केलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांतल्या २० जणांचं मत बदललं होतं. पोटात अन्न गेलं, मेंदू थोडा सावरला, की स्वतःकडे पाहण्याची ताकद येते. भरतीच्या दिवशीचा नकार मनावर घ्यावा, पण त्यावरून पुढचं भाकीत करू नये.

जास्त दिवस म्हणजे जास्त गुण?

पैसे असते तर तीन महिने ठेवलं असतं, अशी हळहळ अनेक आईवडील करतात. किशोरवयीन मुलांपुरतं तरी मला त्यांना दिलासा देता येतो. जर्मनीतल्या सहा केंद्रांमध्ये ११ ते १८ वयाच्या १७२ मुलींवर झालेला अभ्यास २०१४ साली आला. तीन आठवडे रुग्णालयात राहून नंतर दिवसा उपचार आणि रात्री घर, अशी सोय मिळालेल्या मुली वर्षअखेरीस रुग्णालयातच राहिलेल्या मुलींपेक्षा मागे नव्हत्या. ऑस्ट्रेलियात ८२ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली आलेल्या अभ्यासातही तेच दिसलं: प्रकृती स्थिर होईपर्यंतचा छोटा मुक्काम आणि वजन पूर्ण भरेपर्यंतचा लांब मुक्काम, दोन्हींनंतर कुटुंबासह थेरपी मिळाली तर वर्षभरानंतर फरक राहिला नाही. हे निष्कर्ष ऐरोलीच्या त्या बाईला जसेच्या तसे लावू नयेत. एकटी राहणारी, घरी ताट वाढणारं कुणी नसलेली, पूर्वी दोनदा घसरलेली व्यक्ती लांब मुक्कामात जास्त सुरक्षित असू शकते.

यात आपल्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत भरती केलेल्या १८ वर्षांखालच्या रुग्णासोबत त्याची नामनिर्देशित व्यक्ती (बहुधा आई किंवा वडील) किंवा तिनं नेमलेली सोबत पूर्ण मुक्कामभर राहावी लागते. आई वॉर्डात अडकून पडते, रजा संपते, हे खरं. पण ताटापाशी नर्स काय बोलते, रडू आल्यावर किती वेळ थांबते, कुठे ठाम राहते, हे तिला रोज बघायला मिळतं. घरी गेल्यावर हेच तिला करायचं असतं.

डिस्चार्जनंतर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. वॉर्डातलं जेवण तसं असतं, आणि घर म्हणजे संध्याकाळचा, गाड्यांनी तुंबलेला घोडबंदर रोड. बुलिमियाच्या रुग्णात हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. देखरेखीखाली उलट्या पहिल्याच आठवड्यात थांबतात, सगळे खूश होतात, आणि घरी बाथरूमचं दार बंद झालं की त्या परत सुरू होतात. म्हणून डिस्चार्जपूर्वी घरचं जेवण, बाहेरचं खाणं, एकटीनं जेवणं यांचा सराव झालेला असला पाहिजे. आजार उलटण्याचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो.

त्या वर्षात आपल्या घरांत काय काय येतं ते पाहा. श्रावण, गणपती, नवरात्राचे नऊ दिवस. उपास करू का, असं मुलगी भक्तिभावानं विचारते आणि आजीला ते नाकारवत नाही. माझं मत स्पष्ट आहे: उपचार चालू आहेत तोवर एकही उपास नाही, आणि हे आजीला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. लग्नघरी कुणीतरी "तब्येत छान सुधारली हो!" म्हणणार, आणि ती रात्री जेवणार नाही. जवळच्या नातेवाइकांना आधीच फोन करून सांगा की तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीही बोलायचं नाही. शाळा-कॉलेज सुरू होताना डबा कुणासोबत खाणार हे ठरवा. ठाणे-वाशी लोकलनं कामावर जाणारीला सकाळची न्याहारी कुठे आणि किती वाजता, हेसुद्धा लिहून काढावं लागतं.

खर्चाचा प्रश्नही येतोच. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या धर्तीवरच विमा द्यायला हवा. म्हणून क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. मध्यरात्री काय करावं सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरी निघण्याआधी डॉक्टरांकडून एक कागद मात्र लिहून घ्या. कुठल्या वजनाखाली, किती मंद नाडीला, आठवड्यात किती उलट्या झाल्या तर परत यायचं, चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा जीव द्यायची भाषा केली तर ओपीडीची तारीख न बघता थेट कुठल्या इमर्जन्सीत न्यायचं, रक्ततपासणी कधी, पुढची थेरपी कुणाकडे आणि पहिली भेट डिस्चार्जच्याच आठवड्यात आहे ना. हा कागद मुलीसमोर बसून करा, तिची सही घ्या. परत ॲडमिट व्हावं लागलं तर ते या कागदाप्रमाणे होईल, किती दिवसांसाठी आणि कशासाठी हे तिला आधीच माहीत असेल, आणि त्या वेळी मागच्या मुक्कामात जे तिला सोसलं नव्हतं ते पथकाला पहिल्याच दिवशी सांगता येईल.